धारपांची झील

स्टेजवर नवऱ्याच्या पुढे पाऊल टाकून उभी राहणारी बाई पद्मिनीबाईंनी साऱ्या जन्मात एकच पाहिली होती, आणि ती नेमकी त्यांच्याच घरात सून म्हणून आली होती.

बरं, नुसती उभी राहिली असती तर एक वेळ डोळ्यांआड केलं असतं. पण दिगंबरची ओळ अजून त्याच्या ओठांवर असायची, वरचा सूर अजून लागायचा असायचा, तेवढ्यात ही बया तोंडातला घास काढून घ्यावा तशी ओळ काढून घ्यायची. वर हसायची. लाल बूट घालून फळ्यांवर खाडखाड टाच आपटायची. समोरचे गोरे शेतकरी टोप्या काढून हवेत हलवायचे, आणि दिगंबर, पद्मिनीबाईंच्या पोटचा, कीर्तनकार धारपबुवांच्या गळ्याचा वारस, गिटार पोटाशी धरून बाजूला मान डोलवत उभा!

"नंदीबैल," स्टेशन वॅगनच्या मधल्या सीटवरून पद्मिनीबाई म्हणाल्या.

"माई, ऐकू आलं," गाडी चालवता चालवता दिगंबर म्हणाला.

"ऐकू यावं म्हणूनच म्हटलं."

पुढच्या सीटवर मांडीवर नकाशा पसरून बसलेली प्रतिमा मागे वळली. "माई, पाय आखडले असतील ना? पुढे पेट्रोल पंप आहे, थांबायचं का?"

"बघा, इथंसुद्धा पुढेच बसलीय."

"अहो, पुढे बसलं की मळमळतं, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले असेन. माझं प्रत्येक म्हणणं कुठं ऐकतेस? हेच बरं ऐकलंस!"

सगळ्यात मागे, बॅंजो आणि फिडल म्हणजे व्हायोलिनच्या पेट्यांमध्ये पाय दुमडून बसलेली विक्रम आणि सुमेधा ही नातवंडं खिदळली. "आजी, यू आर सो मीन," सुमेधा म्हणाली.

"मीन म्हणजे मासा. मला सगळं कळतं," आजी म्हणाल्या, आणि पुऱ्यांचा डबा मागे सरकवला. "खा. स्टेजवर उपाशीपोटी चढू नये."

मिनेसोटातला ऑगस्ट होता. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं माणसापेक्षा उंच उभी होती. ईडन प्रेरीहून सकाळी निघालेलं हे बिऱ्हाड दक्षिणेकडच्या एका काउंटी फेअरला चाललं होतं. पद्मिनीबाईंच्या लेखी ती जत्राच. आणि जत्रेत दुपारच्या कार्यक्रमाला गाणार होता 'धारप फॅमिली बँड'.

दिगंबर शिकायला आला तेव्हा होस्टेलच्या खोलीत त्याला रेडिओवर ही गाणी सापडली होती. शेतावरून दूर गेलेल्या पोरांची, वाट पाहणाऱ्या आयांची, मोडक्या ट्रकची, मेलेल्या कुत्र्याची. त्याने तेव्हाच घरी कळवलं होतं, की इथलीही माणसं आपल्यासारखीच घराच्या आठवणीने रडतात, फक्त गिटार घेऊन रडतात. पुढे नोकरी लागली, लग्न झालं. नागपुरात गाणं शिकलेली प्रतिमा आली. पोरं झाली, पोरांच्या हातात शाळेने वाद्यं दिली. आधी शेजारच्या चर्चच्या जेवणाला गायले, मग लायब्ररीच्या अंगणात, मग दर उन्हाळ्यात जत्रांमधून. साडी नेसलेली बाई, काळेसावळे बापलेक आणि कंट्री म्युझिक! पहिल्यांदा लोक बघायला आले. दुसऱ्यांदा ऐकायला आले.

मिनियापोलिसच्या गणेशोत्सवात एक बाई पद्मिनीबाईंना म्हणाली होती, "काकू, तुमच्या मुलाला हा काय हो नाद? गावंढळ गोऱ्यांची गाणी ही."

"गावंढळच ऐकतात नीट," पद्मिनीबाईंनी तिथल्या तिथे सुनावलं होतं. "शहाणे मध्येच घड्याळ बघतात."

मराठी दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईची जीभ ही. त्या बाईच्या मनगटाकडे बघतच त्या बोलल्या होत्या.

असं तोंड असलं, तरी मन वेगळं होतं. रोज संध्याकाळी देवापुढे निरांजन लावलं, की पद्मिनीबाई एकेकाचं नाव घेऊन मनात हात जोडायच्या. पोराला या मुलखाने आपलं म्हटलं, त्याला. शेजारची अर्लीन बर्फाच्या दिवसांत आपला हात धरून मोटारीपर्यंत नेते, तिला. सुमेधाच्या शिक्षिकेला. मक्याच्या शेतांना. कधी कधी सुनेलाही. पण हे सगळं देवापुढे, आणि तेही मुक्याने. तोंडाने आभार मानायची वेळ आली, की त्यांच्या घशात काहीतरी अडकायचं आणि बाहेर पडायचं ते वेगळंच. अर्लीनने पहिल्या हिवाळ्यात लोकरीचे मोजे विणून दिले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एवढे जाड? मी काय अस्वल आहे?" दिगंबरने त्याचं भाषांतर "आई म्हणते, फार उबदार आहेत" असं केलं होतं. मोजे मात्र मे महिन्यापर्यंत पायातून निघाले नव्हते.

जत्रेत पोचल्यावर पद्मिनीबाईंनी नेहमीप्रमाणे आधी स्टेज गाठलं. चपला खाली काढल्या, फळीला हात लावून कपाळाला लावला. चाळीस वर्षं कीर्तनकाराची बायको म्हणून काढलेली. जिथं माणूस उभा राहून गातो, ती नारदाची गादी. मग ती वाईच्या घाटावर असो की गुरांच्या गोठ्याशेजारी. आणि गोठा शेजारीच होता. पोरं गाई धूत होती, आणि शेण, भाजलेला मका आणि साखरेचा पाक असा मिळून एक वास येत होता. तो वास पद्मिनीबाईंना आवडायचा. शेणात साखर मिसळली की जत्रा झाली, असं त्या म्हणायच्या.

मग सगळी सफरचंदाच्या झाडाखालच्या लाकडी टेबलाभोवती जेवायला बसली. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. विक्रमने टेपरेकॉर्डर बाहेर काढला आणि नवी कोरी कॅसेट आत घातली.

"चालतंय ना नीट?" पद्मिनीबाईंनी चौथ्यांदा विचारलं.

"आजी, आय टेस्टेड इट. ट्वाइस."

"मला इंग्रजीत धीर देऊ नकोस. चालतंय का, एवढं सांग."

"चालतंय."

ती कॅसेट त्यांच्या जिवाचा प्रश्न होता. धारपबुवा जाऊन सहा वर्षं होत आली होती, आणि त्यांचा आवाज कुठंच उरलेला नव्हता. रेडिओवाले एकदा येतो म्हणाले होते, आले नाहीत. गावात टेप असलेला एकच माणूस होता, तो लग्नाच्या वरातीच टेप करायचा. बुवा गेले आणि पंचक्रोशी ज्या आवाजाला ओळखत होती, तो हवेत विरून गेला. वर्षभराने पद्मिनीबाई इथं आल्या. पहिल्याच संध्याकाळी तळघरातून गाणं ऐकू आलं आणि त्या जिन्यावरच बसल्या. शब्द परके होते. आवाज घरचा होता. तीच किंचित खरखर, वर चढताना तीच थरथर. बुवा तळघरात बसून इंग्रजीत गातायत असं वाटलं. त्या दिवसापासून त्यांनी दिगंबरचा एकही कार्यक्रम चुकवला नव्हता.

आता तिकडे वाईला पुरुषोत्तमभावजी अंथरुणाला खिळले होते. बुवांचे धाकटे भाऊ, त्यांचे झीलकरी. बुवा पुढे उभे राहायचे, आणि पुरुषोत्तमभावजी जन्मभर त्यांच्या पाठीमागे, टाळ घेऊन. बुवांनी ओळ सोडली की ती मागून उचलायची, सूर धरून ठेवायचा, आणि स्वतःकडे कुणाचं लक्ष जाऊ द्यायचं नाही. गेल्या महिन्यात गावाकडचा एक मुलगा इथं शिकायला आला, त्याच्या तोंडी निरोप आला होता, "वहिनी, जाण्याआधी दादाचा आवाज एकदा ऐकायचाय. दिगूच्या गळ्यात आहे म्हणता ना, मग धाडा."

म्हणून ही कॅसेट. आणि म्हणूनच पद्मिनीबाईंनी पुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि सुनेकडे वळल्या.

"प्रतिमा, आज तू मागे उभं राहायचंस."

प्रतिमाचा घास हातातच राहिला.

"आज टेप व्हायचंय. भावजींना दिगूचा गळा ऐकायचाय, तुझा नाही. ते वडिलांच्या चालीवरचं गाणं आहे ना दाराचं, ते त्याला एकट्याला म्हणू दे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याची ओळ तू उचलायची नाहीस. मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"माई, अगं, त्याचं असं आहे..." दिगंबर बोलायला लागला.

टेबलाखाली प्रतिमाने त्याचा हात घट्ट दाबला. पद्मिनीबाईंना तो दिसला नाही. दिसलं ते एवढंच, की मुलगा बोलता बोलता थांबला.

"बरं माई," प्रतिमा म्हणाली. "मागे उभी राहते."

"आणि ते बूट?"

"दुसरे आणले नाहीत हो."

"नसू दे. पण आपटू नकोस."

पद्मिनीबाईंना जरा नवल वाटलं. एवढ्या सहज ऐकेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी एक पुरी जास्तीची तिच्या पानात वाढली. "खा. काडी झालीयस."

दुपारी बाकं भरली. अर्लीन आपली मोटार घेऊन आधीच आली होती आणि पहिल्या रांगेत पद्मिनीबाईंसाठी घडीची खुर्ची मांडून, वर उशी ठेवून बसली होती. हातात विणकाम. या दोघींची चार-पाच वर्षांची मैत्री, पण दोघींना मिळून समान असे दहा शब्दही नव्हते. अर्लीन इंग्रजीत बोलायची, पद्मिनीबाई मराठीत, आणि दोघी एकमेकींना हो म्हणायच्या.

"गुड सीट?" अर्लीनने विचारलं.

"ऊन डोळ्यावर येतंय," पद्मिनीबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातावर थोपटलं.

पहिली दोन गाणी झाली. एक सुमेधाच्या फिडलचं, नाचरं, त्यावर तीन म्हातारी जोडपी गवतात उठून नाचली. दुसऱ्यात विक्रमच्या बॅंजोला एवढ्या टाळ्या पडल्या की पोरगं कानापर्यंत लाल झालं. मग दिगंबर माइकपाशी आला. प्रतिमा दोन पावलं मागे सरकली. नुसती मागे नाही, खांबाच्या सावलीत. पद्मिनीबाईंनी समाधानाने मान हलवली. विक्रमने खाली वाकून टेपचं बटण दाबलं आणि आजीकडे अंगठा दाखवला.

ते गाणं दिगंबरने स्वतः बांधलं होतं. त्यात एक माणूस ट्रक घेऊन देशभर हिंडतो. कुठल्याही गावात झोपला तरी त्याला ठाऊक असतं, की एका घराचं दार आतून कधीच लावलेलं नाही. शब्द एवढेच. पण तिसऱ्या कडव्याला चाल वर चढायची, आणि ती चढण होती बुवांची. उत्तररंगात, आख्यान भरात आलं की बुवा जी घ्यायचे, तीच.

पहिलं कडवं झालं. अर्लीनची सुई थांबली. दुसरं झालं. मागच्या गोठ्यातली एक गाय हंबरली आणि कुणी हसलं नाही. पद्मिनीबाईंनी डोळे मिटले. घाट दिसला, गॅसबत्ती दिसली, बुक्क्याचा काळा ठिपका लावलेलं कपाळ दिसलं. आता चढण. आता...

आवाज गेला.

फाटला नाही, घसरला नाही. जिन्याची एक पायरीच कुणी काढून घ्यावी तसा गेला. पद्मिनीबाईंनी डोळे उघडले. दिगंबरचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, गिटार वाजत होती, आणि गळ्यातून वाऱ्याशिवाय काही येत नव्हतं. सुमेधाने घाबरून फिडल खाली घेतलं. बाकांवर कुणीतरी खोकलं.

आणि प्रतिमा? ती सावलीत उभी होती. तोंड उघडलेलं, छातीत श्वास भरलेला, एक पाऊल उचललेलं. पण ती नवऱ्याकडे बघत नव्हती. ती थेट पहिल्या रांगेत बघत होती, सासूकडे. बांधलेल्या गाईने दाव्याकडे बघावं तशी.

त्या एका नजरेत पद्मिनीबाईंना दोन उन्हाळे दिसले. वरचा सूर लागायच्या आधीच पुढे पडणारं पाऊल. तोंडातून काढून घेतलेली ओळ. हसणं. खाडखाड वाजणारी टाच, की लोकांचं लक्ष तिकडे जावं आणि इकडे काय झालं ते कुणाला कळू नये. हे त्यांनी आधी कुठं पाहिलं होतं? महाडच्या देवळात, बुवांना ताप होता तेव्हा. ऐन आख्यानात बुवांचा घसा बसला, आणि मागून पुरुषोत्तमभावजींनी ओळ अशी उचलली, की अख्खं देऊळ म्हणालं, वा बुवा, काय नवी तऱ्हा काढलीत!

झील! ही तर झील ओढत होती. आणि आपण तिला मागे बांधून ठेवलं.

पद्मिनीबाई खुर्चीतून उठल्या. उशी खाली पडली. साडेचार फुटांची बाई, पण आवाज तीन गल्ल्या ओलांडणारा.

"प्रतिमे! बघतेस काय? उचल गं!"

फळीवर टाच वाजली. प्रतिमा दोन ढांगांत पुढे आली, आणि जिथं ओळ तुटली होती नेमकी तिथूनच, तुटल्याची खूण न ठेवता, तिने ती वर नेली. बुवांची चढण, बाईच्या गळ्यातून. दिगंबरने डोळे पुसले आणि तिच्या खालचा सूर हळूच गुणगुणत धरला. तेवढा आवाज त्याच्यात होता. आता तो मागे होता, आणि गाणं उभं होतं.

लोकांना वाटलं, म्हातारीची आरोळी गाण्यातलीच. असं मध्येच ओरडायचं असतं, असा काही त्या लोकांचा रिवाज असेल. पुढच्या कडव्याला चाल पुन्हा चढायला लागली, तशी मागच्या बाकावरून ट्रॅक्टर कंपनीची टोपी घातलेला एक धिप्पाड शेतकरी उठला आणि ओरडला, "उचाल गा!" शेवटच्या कडव्याला तर अख्खी जत्रा ओरडली. अर्लीन सगळ्यात मोठ्यांदा. पद्मिनीबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "च लांबवायचा नाही, बाई," त्या म्हणाल्या. "पण असू दे. मनापासून म्हणतेस."

कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे, पेंढ्याच्या गठ्ठ्यावर, दिगंबर बसला होता. पद्मिनीबाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून," तो कुजबुजल्यासारखा म्हणाला. "घशात गाठी झाल्यात, माई. साध्याच आहेत, घाबरू नकोस. ऑक्टोबरमध्ये काढायच्या म्हणतायत. आवाज परत येईल, किंवा थोडा वेगळा येईल. डॉक्टर नक्की सांगत नाहीत."

"आणि मला कुणी सांगायचं?"

"तू जिन्यावर येऊन बसायचीस ना, मी गायला लागलो की. मला माहीत होतं कुणाला ऐकायला बसतेस ते. कसं सांगणार होतो?"

पद्मिनीबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. मग काढलं. "आणि ती? दोन उन्हाळे मी तिला वाटेल ते बोलले. चारचौघांत बोलले. गणेशोत्सवात बोलले. ती का गप्प?"

"मी सांगायला निघालो होतो. तिनंच अडवलं. म्हणाली, माईंना बोलू दे. तोंड चालू असलं की माईंची तब्येत चांगली राहते."

"असं म्हणाली?"

"असंच म्हणाली."

"आगाऊ आहे," पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. त्या वाकून मुलाच्या गळ्यावरून, जिथं गाठी असतील तिथून, आपला सुरकुतलेला हात फिरवू लागल्या, लहानपणी त्याला घटसर्प झाला होता तेव्हा फिरवायच्या तसा. "ऐक. मी जिन्यावर बसत होते ते खरं. पण तू काय बुवांची पेटी आहेस, आवाज ठेवायची? तू बोललास तरी मला पुरे. नाही बोललास, नुसता जेवायला आलास, तरी पुरे. एवढं कळायला आईला दुसरी पास व्हावं लागत नाही."

तेवढ्यात विक्रम टेपरेकॉर्डर छातीशी धरून आला. त्याचा चेहरा पडला होता.

"आजी, यू आर ऑन द टेप. खूप लाउड. बाबाचा आवाज थांबतो, मग तू ओरडतेस, मग आई. पुढच्या शनिवारी परत करू का? हे इरेज करतो."

"खबरदार!" आजीने टेपरेकॉर्डरवर असा हात ठेवला की जणू कुणी तो हिसकावून नेतंय. "एक अक्षर पुसायचं नाही. कॅसेट तश्शी धाडायची."

"पण, माई," दिगंबर म्हणाला, "काकांना बाबांचा आवाज हवा होता."

"दोन कडवी आहे ना तो. मिळेल त्यांना. आणि पुढे जे आहे, ते ओळखणारा कान अख्ख्या वाईत त्यांच्या एकट्याचा आहे. जन्मभर त्यांनी झील ओढली. कुणी हार घातला नाही, कुणाला नाव माहीत नाही. बुवा तेवढे ओळखून होते. घरी आले की मिळालेला नारळ फोडायचे आणि खोबऱ्याची पहिली वाटी भावाच्या हातात. आम्हा बायकापोरांना नंतर. म्हणायचे, गळा माझा, पण दम पुरुषोत्तमाचा." त्या थांबल्या. "ऐकू देत त्यांना. धारपांची झील बुडाली नाही, एवढं कळून जाऊ देत."

नारळावरून त्यांना काही आठवलं असावं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जत्रेच्या बायकांनी बँडला द्यायचा मान म्हणून एक रुबार्ब-पाई, म्हणजे आंबट लाल देठांचा पाक भरलेली भाजलेली जाड पोळी, आणून ठेवली होती, ऊन ऊन, वर विणलेल्या चटईसारखी कणकेची जाळी. अर्लीनने सुरी पुढे केली. पद्मिनीबाईंनी ती बाजूला सारली आणि दोन्ही हातांनी ती पाई मधोमध मोडली. लाल पाक मनगटापर्यंत ओघळला. अर्लीन 'ओ माय' म्हणाली, पण हसली.

प्रतिमा स्टेजच्या कोपऱ्यात माइकची वायर कोपरावर गुंडाळत होती. पद्मिनीबाई चपला काढून स्टेजच्या पायऱ्या चढल्या. आजवर त्या कधी वर चढल्या नव्हत्या. फळीला खालूनच हात लावून मागे फिरायच्या. सुनेसमोर जाऊन त्यांनी ओंजळ पुढे केली.

"ठेव ती वायर खाली. हे घे."

"अहो माई, सगळी साडी भरली! आधी तुम्ही घ्या, पोरांना..."

"पोरांना नंतर. घे म्हणते ना."

प्रतिमाने वायर खाली ठेवली, दोन्ही हात पुढे केले. बुवांच्या घरची रीत दिगंबरने तिला कधीतरी सांगितली असावी, कारण हातात तो गरम, मोडका अर्धा भाग आला तशी ती खाली मान घालून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं.

"रडू नकोस, पाक पातळ होईल," पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या घशात नेहमीचं ते काहीतरी अडकलं. या वेळी त्यांनी ते गिळलं नाही, वळवलंही नाही. "माझं ऐकून घे, मी परत म्हणणार नाही. तू पुढे पुढे करतेस, असं मी दोन उन्हाळे म्हणत आले. ते काही खोटं नव्हतं, करतेसच. तू पुढे झालीस म्हणून माझा दिगू उभा राहिला, आणि माझी बोलणीही तूच खाल्लीस. फार उपकार झाले तुझे, पोरी. आता पुढेच उभं राहायचं. मी म्हातारी मागे हो म्हणाले, तर खुशाल ऐकायचं नाही. आणि बूट हेच घालायचे. टाच वाजली की मला कळतं, गाणं पडलं नाही."